अनुभव धागा : माणूस पलटणीत असताना मागे घर कसे चालते?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी या तालुक्यांतील मराठी घरांना फौज नवी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे, सांब्र्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि थोरल्याने शेती सांभाळायची व धाकट्याने मिलिटरीत जायचे, ही वाटणी आमच्याकडे कित्येक घरांत आजोबांच्या काळापासून चालत आली आहे. रेजिमेंटच्या पराक्रमावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु जवान रुजू व्हायला निघून गेल्यावर मागे राहिलेल्या घरात पेरणी कधी करायची हे कोण ठरवते, मुलाच्या शाळेत कोण जाते, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता कोण लक्षात ठेवते, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

मी एका निवृत्त सुभेदारांची मुलगी आहे. वडिलांच्या सेवेची सगळी वर्षे आईने घर चालवले, आणि ते चालवणे हीसुद्धा एक नोकरीच होती, असे माझे ठाम मत आहे. फौजी घराचा निम्मा कारभार सुट्टीवर अवलंबून असतो आणि उरलेला निम्मा कागदपत्रांवर, हे मी आईकडून शिकले. म्हणून या धाग्यावर पत्नी, आई, मुले, सासू-सासरे, भावंडे आणि स्वतः निवृत्त जवान, सर्वांनी आपल्या घरातील रोजच्या गोष्टी सविस्तर लिहाव्यात, अशी विनंती आहे. फक्त एक पथ्य पाळावे. सध्या सेवेत असलेल्या कोणाचेही नाव, त्याच्या युनिटचा क्रमांक किंवा आत्ताचे ठिकाण कृपया लिहू नये.

एका हवालदारांची पत्नी, खानापूर तालुका

आमच्या घरात वर्षभराची आखणी यजमानांच्या सुट्टीभोवती होते. त्यांना वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि त्याशिवाय ३० दिवसांची किरकोळ रजा असते. कागदावर हे दिवस पुष्कळ वाटतात, पण सीमेवरच्या ठाण्यावरून खाली उतरून ट्रान्झिट कॅम्प गाठायचा, तिथून दिल्ली आणि मग गोवा एक्स्प्रेसने बेळगाव, एवढा प्रवास करून माणूस घरी पोहोचेपर्यंत अंगातले त्राण गेलेले असते. शिवाय रजा केव्हा मिळेल हे आपल्या हातात नसते. आमच्याकडे मेच्या अखेरीस भाताची धूळवाफ पेरणी असते आणि दिवाळीच्या सुमारास सुगी. या दोन्ही वेळी घरात एक पुरुष माणूस जास्त असला तर मजुरीचे पैसे वाचतात, म्हणून रजेचे दोन भाग करून ते या हंगामांना जोडावेत असा आमचा दरवर्षीचा प्रयत्न असतो. तिसरी ओढ गणपतीची. पलटणीत बहुतेक सगळे आपल्याच मुलखातले, सगळ्यांनाच गणपतीला गावी यायचे असते, आणि सगळ्यांना एकदम सोडणे शक्य नसते. त्यामुळे तिथे पाळी लागते. ज्या वर्षी यजमानांची गणपतीची पाळी येते, त्या वर्षी सुगी दीर आणि मी मिळून उरकतो.

ते येण्याच्या आधी दोन-तीन महिने मी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कामे लिहीत जाते. कौले परतणे, विहिरीच्या मोटारीची दुरुस्ती, पहाणी उताऱ्यावरील वारसांची नोंद, धाकट्याचे दात दाखवणे, नणंदेच्या सासरी एकदा जाऊन येणे, असे सगळे त्यात असते. पूर्वी ते आल्याबरोबर मी ही यादी पुढे ठेवत असे. आता पहिले चार दिवस तिचे नावही काढत नाही, कारण माणसाला आधी झोप आणि घरचे जेवण हवे असते. पाहुण्यांनाही आम्ही तसेच सांगून ठेवले आहे. सुट्टीवर आलेल्या माणसाला प्रत्येक भावकीने जेवायला बोलावायचे आणि गेले नाही तर रुसायचे, या आपल्याकडच्या प्रथेत घरच्यांच्या वाट्याला त्याचे फार थोडे दिवस उरतात, हे मला स्पष्टपणे लिहावेसे वाटते.

आणखी एक गोष्ट सांगते. ते नसताना बियाणे कोणते घ्यायचे, दूध डेअरीला घालायचे की रतिबाला, हे सगळे मी ठरवते. पण ते आले की दुकानदारापासून पाटकऱ्यापर्यंत सगळे त्यांनाच विचारू लागतात, आणि त्यांना तर खताच्या पोत्याचा चालू भावही माहीत नसतो. लग्नानंतरच्या पहिल्या काही सुट्ट्यांत यावरून घरात धुसफूस होत असे. शेवटी मामंजींनीच एकदा सर्वांसमक्ष सांगितले की, शेताचे काही विचारायचे असेल तर सूनबाईंना विचारा, तो चार दिवसांचा पाहुणा आहे. त्या एका वाक्याने मला जे बळ मिळाले, ते दुसऱ्या कशानेही मिळाले नसते.

निघण्याच्या आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात वेगळेच काम चालते. शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी आणि कोरडा खर्डा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचा, पिशवीचे तोंड जुन्या करवतीच्या पात्याच्या कडेला धरून बाहेर राहिलेली किनार मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवायची, म्हणजे ती वितळून पक्की चिकटते आणि तेल बाहेर येत नाही. हे काम सासूबाईंनी मला शिकवले आणि आता माझी मुलगी करते. ट्रंकेत खाली गणवेश, मध्ये गरम कपडे आणि सगळ्यात वर या पिशव्या व फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी, असा क्रम ठरलेला आहे. यातला निम्म्याहून अधिक माल सोबत्यांसाठी असतो, कारण सुट्टीवरून परतणाऱ्याची ट्रंक बराकीत सगळ्यांसमोर उघडते.

एका निवृत्त नायब सुभेदारांची मुलगी, मूळ गाव निपाणी

माझे शालेय शिक्षण किती गावांत झाले हे सांगताना लोकांना गंमत वाटते, पण त्यात माझ्या आईचे केवढे श्रम होते ते मला संसार मांडल्यावर कळले. वडिलांची पलटण पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येते अशा छावणीत, आली की फॅमिली क्वार्टरसाठी नाव लागायचे, नंबर आला की आम्ही सामान घेऊन तिकडे जायचो, आणि पलटण पुन्हा फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा सीमेकडच्या भागात, निघाली की आई आम्हा भावंडांना घेऊन निपाणीला आजीकडे परतायची. सामानाच्या लाकडी पेट्या कधी माळ्यावर गेल्याच नाहीत. क्वार्टरमध्ये त्याच पेट्या ओळीने मांडून, वर गादी आणि भरतकाम केलेली चादर घालून आईने दिवाण केलेला असायचा. झाकणांवरचा वडिलांचा नंबर आणि हुद्दा त्या चादरीखाली झाकलेला असे. हुद्दा वाढला की वडील काळा रंग देऊन जुना हुद्दा पुसत आणि नवा पांढऱ्या रंगाने लिहीत, आणि ते पाहायला आम्ही भोवती बसत असू.

भाषेच्या बाबतीत आमची खरी ओढाताण झाली. केंद्रीय विद्यालयात हिंदी आणि इंग्रजी, घरात मराठी, आणि निपाणीला परतल्यावर शाळेत कन्नड सक्तीचे. ज्या वर्गात इतर मुले पहिलीपासून कन्नड शिकत होती, तिथे मला थेट त्यांच्या बरोबरीने उत्तरे लिहावी लागली. शेजारच्या कन्नड कुटुंबातील आक्कांनी संध्याकाळी ओसरीवर बसवून मला अक्षरे गिरवायला लावली, त्यांचे ऋण मी विसरणार नाही. लिहिण्यावाचण्याची मराठी मात्र मला आजीनेच दिली. तिला कमी दिसायचे, म्हणून रोजचे वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे होते, आणि एखादा शब्द चुकला की ती तिथेच थांबवून पुन्हा म्हणायला लावत असे. फौजी मुलांना बदल्यांमुळे चार भाषा येतात असे कौतुकाने म्हटले जाते. त्यातली एक तरी नीट यावी यासाठी घरात कोणीतरी असे खडे पहारेकऱ्यासारखे उभे राहावे लागते.

पलटणीतले सण मात्र मला गावापेक्षा जास्त आठवतात. गणपती, शिवजयंती, आणि ४ फेब्रुवारी. १६७० साली तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला, त्या स्मरणार्थ हा दिवस रेजिमेंट आपला दिवस म्हणून पाळते. पंजाबातल्या कडाक्याच्या थंडीत लेझीम चालू आहे आणि शेजारच्या युनिटची मंडळी कौतुकाने पाहत आहेत, हे दृश्य मी पुष्कळदा पाहिले आहे.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रमसाठी पलटणी सीमेवर गेल्या. फौजा मागे घेण्याचा निर्णय थेट ऑक्टोबर २००२ मध्ये झाला. त्या वर्षी गावातले निवृत्त आजोबा रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बातम्या ऐकायला जमत असत आणि आपसांत हलक्या आवाजात बोलत. आईने एक नियम केला होता, मुलांसमोर बातम्या लावायच्या नाहीत. रेडिओ ओट्यावरच राहील, आत येणार नाही. तेव्हा त्याचा राग येत असे. आज मला दोन मुले आहेत, आणि त्या नियमामागे किती विचार होता हे मी समजू शकते.

निवृत्त सुभेदार, चिक्कोडी तालुका

आमच्या वेळी घर आणि पलटण यांना जोडणारा धागा म्हणजे पत्र. पत्त्यावर गावाचे नाव नसे, फक्त नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा आकडा. मुलगा कुठे आहे हे आईवडिलांना कळत नसे, पण गावातले जुने फौजी एपीओचा आकडा पाहून पश्चिमेकडे आहे की पूर्वेकडे, एवढे सांगत आणि घरच्यांना तेवढ्यानेही धीर येई. माझी आई निरक्षर होती. ती शाळेतल्या गुरुजींकडे जाऊन पत्र लिहून घेई, त्यामुळे सौभाग्यवतीचा मजकूर त्या पत्रात कधी येत नसे. पुढे सौभाग्यवती रात्रशाळेत जाऊन लिहायला शिकली आणि तिने स्वतःच्या हाताने पाठवलेले पहिले आंतर्देशीय पत्र मी अजून जपून ठेवले आहे. त्यात म्हैस व्यायल्याची बातमी आणि पाऊस कमी असल्याची तक्रार आहे.

तारेची मात्र घरोघरी धास्ती असे. २०१३ साली देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा माझ्यासारख्या माणसाला त्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसले नाही.

धागाकर्ती

वरील अनुभवांबद्दल मनापासून आभार. सुट्टीविषयी पुष्कळ आले. कागदपत्रांविषयीही कोणीतरी लिहावे, कारण आपण सीमाभागातले लोक आहोत आणि आपली निम्मी कागदपत्रे कन्नडमध्ये, निम्मी इंग्रजीत आणि शाळेचे जुने दाखले मराठीत असतात. इतर ठिकाणच्या फौजी कुटुंबांना ही अडचण इतकी जाणवत नसावी.

एका दिवंगत माजी सैनिकांची सून, निपाणी तालुका

धागाकर्तींनी विषय काढला म्हणून सविस्तर लिहिते. माझे सासरे पेन्शनवर आल्यानंतर बऱ्याच वर्षांनी वारले. सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्यात काही अडचण येईल असे कोणाच्या मनातही नव्हते. पण सासऱ्यांच्या सेवा अभिलेखात सासूबाईंचे नाव एका पद्धतीने लिहिलेले आणि आधार कार्डावर दुसऱ्या पद्धतीने. आमच्या कर्नाटकात इंग्रजीत नाव लिहिताना ‘त’साठी टीपुढे एच लावतात, महाराष्ट्रात नुसता टी लिहितात. पलटणीतल्या मराठी कारकुनाने एक लिहिले, इथल्या कार्यालयात कन्नडवरून इंग्रजी करताना दुसरे झाले. शिवाय जन्मतारीख. सासूबाईंच्या पिढीतल्या किती बायकांच्या जन्माची नोंद असते? अभिलेखात अंदाजाने लिहिलेले वर्ष एक, रेशनकार्डावरचे दुसरे.

एका कार्यालयात आम्हाला ही दोन वेगळी माणसे आहेत असे सांगण्यात आले. चाळीस वर्षे ज्या बाईने त्या माणसाचा संसार केला, तिने आपण तीच आहोत हे सिद्ध करत खिडकीपुढे उभे राहायचे, याचा मला आजही संताप येतो. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातील जाहीर सूचना, माहेरच्या शाळेतून मिळवलेला दाखला, पंचायतीचे पत्र, एवढे सगळे गोळा केल्यावर मार्ग निघाला. या कामात बेळगावच्या अभिलेख कार्यालयात चकरा मारून आम्हाला वाट दाखवणारे एक निवृत्त मानद कॅप्टन गावात होते, म्हणून निभावले. असे एक माणूस प्रत्येक गावात असायला हवे.

सेवेत असलेल्या जवानांच्या घरच्यांना म्हणूनच माझे कळकळीचे सांगणे आहे. लग्न झाले, मूल झाले की त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे असे बदल नोंदवणाऱ्या युनिटच्या लेखी आदेशाने, सेवा अभिलेखात झाली आहे का, हे त्या सुट्टीतच विचारावे. केवळ लग्नपत्रिका छापून पत्नी सरकारदरबारी पत्नी होत नाही. नाव आणि जन्मतारीख आधार, पॅन, बँक आणि अभिलेख या चारही ठिकाणी अक्षरशः एकसारखी असावी. बँक खाते जोडखाते असावे. हे बोलणे अशुभ आहे असे आपल्याकडे मानतात, आणि घरात विषय काढला की थोरली माणसे गप्प बसवतात. नेहमीच्या दराने कुटुंब निवृत्तिवेतन हे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के इतकेच असते, सुरुवातीची काही वर्षे ५० टक्के. तेही एका अक्षरासाठी अडून राहिले, तर विधवा बाईने मुलाकडे हात पसरायचे का?

एक छोटी, पण उपयोगी गोष्टही सांगते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या, त्यामुळे बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत आणि यंत्रावर अंगठा उमटत नाही. अनेक निपाणीकरांच्या घरात हे होत असेल. आता चेहरा दाखवून मोबाइलवरूनही हा दाखला देता येतो. पहिल्यांदा ते जमले तेव्हा सासूबाईंनी मुद्दाम नवे लुगडे नेसून फोनसमोर बसण्याचा आग्रह धरला होता.

कृष्णाकाठचे एक शेतकरी, मोठा भाऊ फौजेत

थोडक्यात लिहितो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गावात पाणी शिरले तेव्हा दादा ईशान्येकडे होते. जनावरे सोडून माणसे शाळेच्या गच्चीवर गेली. दादांचा फोन लागत नव्हता, आणि लागला तेव्हा त्यांना काय सांगावे हे सुचत नव्हते. नंतर लष्कराची होडी आली आणि तिच्यावरच्या जवानाने वहिनींना ‘ताई, आधी पोरांना द्या’ म्हणून मराठीत हाक मारली. आमच्या घरचा जवान दुसऱ्याच कोणाच्या तरी मुलखात अशीच माणसे काढत असेल, असे आमच्या वडिलांना त्या क्षणी वाटले आणि ते मोठ्याने रडले. मी त्यांना तोवर कधीही रडताना पाहिले नव्हते.

निवृत्त हवालदार, हुक्केरी तालुका

पेन्शनवर आलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याचे वय चाळिशीच्या आसपास असते, हे नागरी नोकरीतल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. मुले शाळेत असतात, घर बांधायचे बाकी असते, बहिणीची लग्ने झालेली असली तरी भाच्यांची यायची असतात. फंडाची रक्कम हातात आल्याची बातमी आपल्याआधी गावात पोहोचते. मी आणि सौभाग्यवतीने एकमेकांना विचारून आधीच ठरवले होते की, त्या पैशातून आधी घर, मग मुलांच्या नावावर ठेव, आणि उसने कोणालाही नाही. हा निर्णय कठोर होता, नातेवाईक दुखावले गेले, पण तो आम्ही पाळला.

घरचा आर्थिक कारभार मी परत आल्यावरही तिच्याकडेच ठेवला. पलटणीत असताना मला हिंदीची सवय लागलेली, कन्नड बोलता येते पण वाचायला वेळ लागतो. तिचे शिक्षण इथलेच, त्यामुळे तालुका कचेरीतला कन्नड कागद ती एका नजरेत वाचते. मी अर्ज घेऊन तिच्या मागे उभा राहतो. ज्यांना हे कमीपणाचे वाटते त्यांनी एवढाच विचार करावा की, दोन दशके हे घर कोणी उभे ठेवले?

मुलांशी जुळवून घेणे हे त्याहून नाजूक काम. सुट्टीवर येणारा बाप खाऊ आणि कपडे घेऊन येतो, रागावत नाही, कारण दिवस मोजके असतात. तोच बाप कायमचा घरी आला आणि पहाटे पाचला उठवू लागला की मुलांना तो नवा माणूस वाटतो. थोरल्याचे आणि माझे काही महिने बोलणे जेवढ्यास तेवढे होते. शेवटी त्याच्या आईने सुचवल्यावरून मी त्याला शिस्त लावायचे सोडून त्याच्याबरोबर शाळेच्या मैदानावर धावायला जाऊ लागलो. तिथे बोलणे आपोआप सुरू झाले.

महिन्यातून एकदा आम्ही दोघे बेळगावला जातो. त्या एका फेरीत माजी सैनिक आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आईची औषधे, कॅन्टीनमधून महिन्याचे सामान आणि कॅम्पात जुन्या सोबत्यांची भेट, अशी तिन्ही कामे होतात. शेजारीपाजारी कॅन्टीनच्या याद्या देतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणायला सौभाग्यवती माझ्यापेक्षा आधी शिकली.

एका अग्निवीराची आई, बेळगाव तालुका

माझा मुलगा अग्निपथ योजनेतून भरती झाला. त्याचे प्रशिक्षण बेळगावातच होते, आणि आमच्या गावाहून बेळगावला यायला शहर बस आहे. तरीही ठरवून दिलेल्या दिवसाखेरीज भेट नसे. बाजाराला जाताना बस कॅम्पातून वळली की मी खिडकीपाशी सरकून बसत असे. सगळीच मुले एकसारखी भादरलेली, एकसारख्या कपड्यांतली. ओळखणार तरी कशी? प्रशिक्षण संपल्यावरच्या कसम परेडला, म्हणजे शपथ घेण्याच्या संचलनाला, आम्हा उभयतांना बोलावले होते. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही गर्जना त्या शेकडो मुलांच्या तोंडून ऐकताना याच्या वडिलांचा हात थरथरत होता. ते स्वतः उंचीत थोडक्यात बसले नव्हते, म्हणून त्यांची भरती राहून गेली होती.

काळजी आहे ती पुढची. याच्या आजोबांना पेन्शन होती, चुलत्यांना आहे. याची नोकरी चार वर्षांची, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे ठेवून घेणार आणि बाकीची सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये घेऊन परतणार. त्याला वर्षाला सुट्टीही ३० दिवसांचीच. पहिल्या वर्षीच्या ३० हजारांतून सेवानिधीची कपात होऊन २१ हजार हातात येत होते, त्यातले तो बहुतेक घरी पाठवत होता आणि मी ते तसेच बाजूला ठेवले आहेत. स्थळे येतात, पण मुलीकडचे चार वर्षांनंतरचे विचारतात आणि त्यांचे विचारणे चुकीचे आहे असे मी म्हणू शकत नाही. तो म्हणतो, आई, मी राहणाऱ्यांतच असेन. मी त्याला एवढेच सांगते की सुट्टीत पदवीचे फॉर्म भर. ज्या घरांतली मुले पहिल्या तुकड्यांतून भरती झाली आहेत त्यांनी पुढचा विचार कसा केला आहे, हे कोणी लिहिले तर फार उपकार होतील.

आणखी एक विचारायचे होते. घरातले आजारपण, भांडण, पिकाचे नुकसान, हे तिकडे कळवावे का? आमच्या घरात यावर दोन मते आहेत.

एका जवानाची बहीण, चिक्कोडी

आमच्या घरात न कळवण्याची पद्धत होती. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा वडीलधाऱ्यांनी दादाला काही सांगायचे नाही असे ठरवले, कारण तो उंचावरच्या चौकीवर होता आणि मन विचलित झाले तर धोका. व्हिडिओ कॉल आला की आजीची खाट चौकटीत येणार नाही अशा जागी उभे राहून आम्ही बोलत असू. आजी गेली तेव्हाच त्याला कळले. तो कोणावर रागावला नाही, पण त्यानंतर प्रत्येक फोनला ‘सगळे खरेच बरे आहे ना’ असे विचारू लागला, आणि आम्ही बरे आहे म्हटले तरी त्याचा विश्वास बसत नसे. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, तो माझ्या लग्नासाठी सुट्टीवर आला होता आणि हळदीच्या दिवशीच परत बोलावणे आले. आईने कपाळाला हात लावला, पण दादा निघताना मला म्हणाला की मी जिथे असेन तिथून जेवढे सांगता येईल तेवढे सांगेन, तुम्हीही मला सगळे सांगत जा. तेव्हापासून आमच्याकडे काही लपवत नाहीत.

खानापूरहून पुन्हा, हवालदारांची पत्नी

अग्निवीराच्या आईंना उत्तर देते. ताई, कळवावे, पण कळवण्याची रीत असावी. माझ्या सासूबाईंची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा मी आधी डॉक्टरांचे कागद, तारीख आणि खर्चाची सोय हे सगळे हाताशी घेतले आणि मग फोन केला. ‘आईंचे असे असे झाले आहे, अमुक तारखेला ऑपरेशन आहे, पैसे जमले आहेत, सोबत दीर आहेत, तुम्ही येऊ शकलात तर बरे, नाहीतर आम्ही निभावतो’, एवढे सलग सांगितले. यजमानांनी कागदांचे फोटो साहेबांना दाखवले आणि त्यांना किरकोळ रजा मिळाली. खरे कारण आणि कागद असला तर वरचे अधिकारीही माणसेच असतात. पण रात्री उशिरा, रडत, अर्धवट बातमी सांगून फोन ठेवू नये, कारण त्या पोराला रात्रभर बंदूक घेऊन उभे राहायचे असते आणि पुन्हा फोन कधी लागेल याचा भरवसा नसतो. भावकीतली भांडणे मात्र मी कळवत नाही. ती सुट्टीत समोरासमोर निघतात आणि बहुतेक तोवर मिटलेली असतात. मुलाला सांगा की त्यानेही तिकडचे दुखणेखुपणे लपवू नये. आणि त्याच्या पुढच्या सुट्टीत त्याचे आधार, पॅन, बँक आणि अभिलेखातले नाव एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचून पाहा.